मार्व्हलचा प्रेक्षक का दमला?

नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या 'द मार्व्हल्स'ने जगभरात जेमतेम 20 कोटी डॉलर कमावले. याच नायिकेच्या पहिल्या चित्रपटाने, 2019 च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने, 113 कोटी डॉलरचा गल्ला जमवला होता. चार वर्षांतली ही घसरण पाहून 'लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आलाय' असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. मला हे निदान पटत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' आला आणि जवळपास 69 कोटी डॉलर घेऊन गेला. भारतात तो दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. त्याच्याआधी पाहायला हवा होता तो फक्त एक चित्रपट. मुखवट्यातला नायक नकोसा झाला असता तर हे घडलंच नसतं. एक गोष्ट समजायला आधीच्या दहा गोष्टी पाठ हव्यात, ही अट लोकांना नकोशी झाली आहे.

या अटीचा जन्म पडद्यावरचा नाही, कागदावरचा. 1961 मध्ये मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीत स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'फँटास्टिक फोर' सुरू केलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पायडर-मॅन, हल्क, थोर, आयर्न मॅन एकामागोमाग आले आणि त्यातले बहुतेक जण एकाच न्यूयॉर्क शहरात वावरू लागले. एकाच्या अंकात दुसरा डोकावायचा. पानाच्या खाली संपादकाची छोटी चौकट असायची: हा प्रसंग अमुक अंकात घडला. वाचकाला त्यात आपलेपणा वाटायचा. चौकट वाचली नाही तरी हातातली गोष्ट पूर्ण कळायची, हे मात्र महत्त्वाचं.

1984 मध्ये 'सीक्रेट वॉर्स' ही बारा अंकांची मालिका आली. सगळे नायक एकत्र, आणि जोडीला मॅटेल कंपनीची खेळणी. पुढच्याच वर्षी डीसी या प्रतिस्पर्धी कॉमिक्स कंपनीने आपल्या पन्नास वर्षांच्या कथांचा गुंता सोडवण्यासाठी आणखी एक बारा अंकी महामालिका काढली. गुंता इतका वाढला होता की नवा वाचक आत कुठून शिरणार, हेच कळेनासं झालं होतं. तरीही दोन्ही कंपन्यांनी यातून शिकलेला धडा उलटाच होता: महाप्रसंग खपतो, तर दरवर्षी महाप्रसंग करा. एक कथा सहा-सात मासिकांतून फिरवायची, म्हणजे शेवट कळण्यासाठी सगळी मासिकं घ्यावी लागतील. 1991 मध्ये 'एक्स-मेन'चा पहिला अंक वेगवेगळ्या पाच मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या 80 लाखांहून जास्त प्रती दुकानांत गेल्या. त्यातल्या कितीतरी वाचण्यासाठी नव्हे, पुढे भाव येईल म्हणून घेतल्या गेल्या. तो फुगा फुटला, दुकानं बंद पडली, आणि डिसेंबर 1996 मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. सट्टा हे त्यामागचं मोठं कारण होतं आणि कंपनीवरचं कर्जही. पण सामान्य वाचक त्याआधीच थकून बाजूला होत होता, हे विसरता कामा नये.

आजचं चित्रपटविश्व याच दिवाळखोरीतून उभं राहिलं. तगून राहण्यासाठी कंपनीने आपली नावाजलेली पात्रं परक्या स्टुडिओंना देऊन टाकली होती: एक्स-मेन फॉक्सकडे, स्पायडर-मॅन सोनीकडे. ते चित्रपट धो धो चालले, पण मार्व्हलच्या हाती त्यातला लहानसा वाटाच पडला. मग 2005 मध्ये मेरिल लिंच या अमेरिकी बँकेच्या मदतीने 52.5 कोटी डॉलरच्या कर्जाची सोय झाली. तारण काय, तर कॅप्टन अमेरिका, डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक पँथर अशा दहा पात्रांचे चित्रपटहक्क. चित्रपट पडले असते तर उरलीसुरली पात्रंही गेली असती.

पहिला चित्रपट होता मे 2008 चा 'आयर्न मॅन'. बाकीच्या विश्वाचा धागा त्यात जवळजवळ सगळा श्रेयनामावलीनंतरच्या एका छोट्या प्रसंगात होता. सॅम्युअल जॅक्सनचा हेरप्रमुख निक फ्युरी अंधारातून पुढे येतो, दोन वाक्यं बोलतो, संपलं. ज्यांनी तो प्रसंग पाहिला नाही त्यांचं काहीच बिघडलं नाही. या चित्रपटांचे निर्माते केव्हिन फायगी यांचं खरं कसब मला या प्रमाणात दिसतं. नायकांना एकत्र आणणाऱ्या 2012 च्या पहिल्या 'ॲव्हेंजर्स'पर्यंत फक्त पाच चित्रपट झाले होते. 2019 च्या 'एंडगेम'पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांत, एकूण बावीस. वर्षाला सरासरी दोन, आणि तेही थिएटरमध्ये, मित्रांबरोबर. 'एंडगेम'ने जगभरात 280 कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली. भारतात साडेतीनशे कोटी रुपयांच्या वर धंदा झाला, आणि मुंबईसह काही शहरांत थिएटरं रात्रंदिवस सुरू होती. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) गेला, स्टीव्ह रॉजर्स (कॅप्टन अमेरिका) म्हातारा झाला. गोष्ट संपली होती, आणि ती छान संपली होती.

ती संपू न देण्याची गरज कथेची नव्हती. नोव्हेंबर 2019 मध्ये मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेची स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली. मग महामारी आली, थिएटरं बंद पडली, आणि शेअर बाजार डिस्नेला सदस्यसंख्येवर जोखू लागला. डिसेंबर 2020 मध्ये कंपनीने गुंतवणूकदारांसमोर मार्व्हलच्या मालिकांची लांबलचक यादी ठेवली. दरमहा पैसे भरणाऱ्याला दरमहा काहीतरी नवं द्यायला हवं होतं. 2020 मध्ये मार्व्हल स्टुडिओजचा एकही चित्रपट आला नव्हता. 2021 या एका वर्षात चार चित्रपट आणि पाच मालिका आल्या.

इथे तोल गेला. मे 2022 मधल्या 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागात आधी नायिका असलेली वांडा खलनायिका का झाली, हे नीट समजायला 'वांडाव्हिजन' ही मालिका पाहिलेली असणं भाग होतं. 'द मार्व्हल्स'मध्ये तर तीन नायिका तीन दिशांनी येतात: एक चित्रपटातून, दुसरी 'वांडाव्हिजन'मधून, तिसरी 'मिस मार्व्हल'मधून. या तिसरीचे, कमला खानचे, आईवडील झालेत झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर, दोघंही आपल्याकडचे कलाकार. त्या घरातले प्रसंग चित्रपटातले सगळ्यात जिवंत, आणि ते समजायला आधीचं काहीही पाहावं लागत नाही. हॉलीवूडमधल्या कलाकारांच्या संपामुळे प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत कुणाला प्रसिद्धीही करता आली नव्हती, हेही न्यायाने सांगायला हवं.

घाईचा भार पडद्यामागेही पडला. दृश्यपरिणामांवर काम करणाऱ्यांनी वेळेच्या ताणाबद्दल उघड तक्रारी केल्या, आणि सप्टेंबर 2023 मध्ये मार्व्हल स्टुडिओजमधल्या अशा कर्मचाऱ्यांनी संघटना स्थापन करण्याच्या बाजूने मतदान केलं. पुढचा महाखलनायक म्हणून कँगची उभारणी सुरू होती. कँगची भूमिका करणाऱ्या अभिनेत्याला डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं, स्टुडिओने त्याच्याशी संबंध तोडले आणि मांडलेला सगळा डाव मोडावा लागला.

इतरांची गत याहून वाईट झाली. युनिव्हर्सलने आपल्या भुताखेतांच्या विश्वाची घोषणा केली, आणि ते 2017 च्या 'द ममी'तच आटोपलं. डीसीचा 'द फ्लॅश' 2023 मध्ये आपटला. हिंदीतही हाच रस्ता धरला गेला. त्यात मला 2024 चा 'मुंज्या' वेगळा वाटतो: आदित्य सरपोतदारांनी कोकणातली भुताची गोष्ट आधी पूर्ण सांगितली आणि इतर चित्रपटांशी नातं शेवटी जोडलं. 2008 मध्ये 'आयर्न मॅन'ने केलं होतं, अगदी तसंच.

याला छेद देणारं एक उदाहरण आहे. 2024 चा 'डेडपूल अँड वुल्व्हरीन' जुन्या संदर्भांनी खच्चून भरलेला होता, तरी त्याने 130 कोटी डॉलरच्या वर कमावले. पण ते संदर्भ लोकांच्या मनात वीस वर्षं मुरलेले होते. गेल्या वर्षीची मालिका पाहून ठेवण्याचा अभ्यास तिथे नव्हता.

डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी अति निर्मितीमुळे लक्ष विखुरल्याचं मान्य केलं, आणि 2024 मध्ये वर्षाला दोन-तीन चित्रपट आणि दोनच मालिका असं ठरलं. 2025 चा 'फँटास्टिक फोर' मुद्दाम वेगळ्या जगात घडवला, आधीची कसलीच माहिती लागू नये म्हणून. समीक्षकांनी वाखाणला, तरी कमाई 52 कोटी डॉलरच्या आसपास थांबली. एकदा मोडलेली सवय एका चांगल्या चित्रपटाने परत येत नाही.

आणि पुढचा 'ॲव्हेंजर्स'? आयर्न मॅन साकारलेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता डॉक्टर डूम हा खलनायक होणार, हे जुलै 2024 मध्ये जाहीर झालं. मार्च 2025 मध्ये आलेल्या कलाकारांच्या यादीत 'थंडरबोल्ट्स' चित्रपटातली टोळी आहे, फँटास्टिक फोरचे चौघे आहेत, आणि 2000 सालच्या 'एक्स-मेन'मधले पॅट्रिक स्टुअर्ट आणि इयन मॅककेलनही आहेत. म्हणजे तीन वेगवेगळ्या चित्रपटमालिकांतली माणसं पुन्हा एकाच चित्रपटात.