खोट्या अर्थाला मत का पडतं?

'रुमणे' या शब्दाचा अर्थ ओळखा. पर्याय चार आहेत. एक, मनातल्या मनात कुढत राहणे. दोन, नांगर चालवताना हातात धरायचा दांडा. तीन, फार दिवस घडी घालून ठेवलेल्या कापडाला येणारा कुबट वास. चार, जखम भरत आल्यावर तिच्या कडेने सुटणारी हलकी खाज.

ज्यांच्या घरात लाकडी नांगर होता त्यांना उत्तर केव्हाच कळलं असेल. त्यांनी जरा वेळ गप्प बसावं. बाकीच्यांपैकी पुष्कळजण पहिल्या किंवा चौथ्या पर्यायाशी घुटमळतील. खरा अर्थ दुसरा. उरलेले तिन्ही मी या लेखासाठी बसल्या जागी रचले.

खेळ एवढाच आहे. शब्दकोशातून कोणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढायचा, प्रत्येकाने त्याचा एकेक खोटा अर्थ लिहायचा, त्यात खरा मिसळायचा आणि सगळ्यांनी मत द्यायचं. खरा अर्थ ओळखला तर गुण मिळतात, आणि तुमच्या थापेला दुसरं कोणी फसलं तरी मिळतात. बैठ्या खेळांत हा प्रकार जुनाच. १९६५ साली बीबीसीने त्यावर दूरदर्शनचा कार्यक्रम सुरू केला, १९८४ मध्ये कॅनडात तो 'बॉल्डरडॅश' नावाने खोक्यातून विकायला आला, आणि आता तो फोनवर खेळला जातो. आपापल्या चौकटीत अर्थ टाइप करायचा, पाठवायचा. क्रम लावण्याचं आणि कोणी काय लिहिलं ते लपवण्याचं काम यंत्र करतं. (मध्येच गूगल करणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.)

समोरासमोर खेळण्यात जी मजा होती ती ऑनलाइन गेली, असं काहीजण म्हणतात. थाप मारणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, आवाज कापरा झालेला कळत नाही. पण चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं हा आपला समज फारसा खरा नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चोवीस हजारांहून अधिक माणसांनी कोण खरं बोलतंय आणि कोण खोटं हे ओळखायचा प्रयत्न केलेला होता. सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. म्हणजे पडद्याआड गेल्यामुळे आपण गमावलं ते फारच थोडं. उलट तिथे फक्त वाक्य उरतं, आणि वाक्यात असं काय असतं की त्यावर विश्वास बसावा, हे नीट पाहता येतं.

शब्दांचा तुटवडा या खेळाला कधीच पडत नाही. मार्क ब्रिसबेर्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या इंग्रजी मातृभाषा असलेल्या वीस वर्षांच्या माणसाला साधारण ४२,००० मूळ शब्द ठाऊक असतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत नोंदी होत्या २,९१,५००. मधल्या सगळ्या मैदानात खेळायला मोकळीक.

अनोळखी शब्द पाहिला की मेंदू आधी त्याचा आवाज ऐकतो. १९२९ मध्ये एडवर्ड सपीर यांनी लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द दिले आणि विचारलं, यातलं मोठं टेबल कोणतं नि छोटं कोणतं? बहुतेकांना 'माल' मोठं वाटलं. त्याच वर्षी वोल्फगांग कोहलर यांनी एक टोकदार आणि एक गोलसर आकृती दाखवून बनावट नावं जुळवायला सांगितली. 'ताकेते' हे नाव टोकदार आकृतीला चिकटलं. 'बूबा' आणि 'किकी' या नावांनी पुढे गाजलेला प्रयोग याच जातीचा. तो २५ भाषांच्या ९१७ भाषकांवर करून पाहिला गेला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये छापून आले: लिपी कोणतीही असो, ७२ टक्के वेळा 'बूबा' गोल आणि 'किकी' टोकदार. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. खळखळ, सळसळ, किणकिण, भणभण हे शब्द आपण अर्थ समजावून घेऊन शिकलेलो नाही.

म्हणून 'रुमणे' वाचताच काहीतरी मऊ, आतल्या आत चाललेलं असेल असं वाटतं. र आणि म हे घुमणारे, न अडखळणारे आवाज. त्यात शेवटचा 'णे' घात करतो. कुढणे, झुरणे, रुसणे यांच्या रांगेत हा शब्द आपोआप जाऊन उभा राहतो आणि क्रियापद वाटू लागतो. प्रत्यक्षात ते नाम आहे, नपुंसकलिंगी. शब्दाच्या शेपटीवरून त्याची जात ठरवण्याची ही सवय फार लहानपणी लागते. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी चिमुकल्या मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवून त्याचं नाव 'वग' आहे असं सांगितलं. मग असे दोन आले तर काय म्हणाल, असं विचारलं. जगात कुठेही नसलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बिनचूक केलं. नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता, तो त्यांनी ऐकून ऐकून काढला होता. खेळातला मुरलेला थापाड्या आपला हाच नियम आपल्यावर उलटवतो.

पण आवाजापेक्षा मोठं आमिष म्हणजे तपशील. तिसरा पर्याय पुन्हा वाचा. मी नुसतं 'कुबट वास' लिहिलं असतं तर तो फिका वाटला असता. 'फार दिवस घडी घालून ठेवलेल्या कापडाला येणारा' म्हटल्यावर कपाट उघडल्याचा भास होतो आणि मत द्यायला बोट पुढे सरतं. गणित मात्र उलटं सांगतं. जितक्या अटी जास्त, तितकी ती गोष्ट खरी असण्याची शक्यता कमी. कापडाचा कुबट वास हा कुबट वासांपैकीच एक. भाग कधीही पूर्णापेक्षा जास्त संभवनीय असू शकत नाही. एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९८३ मध्ये हे लिंडा नावाच्या एका काल्पनिक बाईवरून दाखवलं. लिंडा हुशार, स्पष्टवक्ती, विद्यार्थिदशेत सामाजिक प्रश्नांवर चळवळ करणारी. आता ती बँकेत कारकून असण्याची शक्यता जास्त, की बँकेत कारकून असून शिवाय स्त्रीवादी चळवळीत असण्याची? विचारलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांनी दुसरं उत्तर निवडलं. ते तर्काने अशक्य आहे, कारण दुसऱ्या गटातली प्रत्येक बाई पहिल्या गटात असतेच. चित्र डोळ्यांपुढे उभं राहिलं की शक्यता मोजायचं आपण विसरतो.

शब्दकोशाच्या बाबतीत मात्र या चुकीला थोडं माफ करायला हवं, असं माझं मत आहे. कोशकार खरोखरच विचित्र तपशील लिहितात, कारण अर्थाची हद्द त्यांना आखायची असते. 'नांगर चालवताना हातात धरायचा दांडा' यातही अट आहेच. त्यामुळे तपशिलावर विश्वास ठेवणारा खेळाडू अगदीच भोळा नसतो. कोश वाचून त्याला लागलेली ती सवय असते, आणि थापाड्याला ती ठाऊक असते. फार पक्के खेळाडू दुसऱ्याच टोकाला जातात. ते लिहितात, 'एक प्रकारचे गवत'. एवढं नीरस वाक्य कोणी मुद्दाम कशाला रचेल? पुढे 'न.' (नपुंसकलिंगी) किंवा '(ल.)' (लाक्षणिक) असं कोशातलं चिन्ह जोडलं तर बघायलाच नको. आपण अर्थ तपासत नसतो, कोशाचा सूर तपासत असतो. शब्द मुळातच अनोळखी असल्यावर तपासायला दुसरं असणार तरी काय?

सूर जुळण्याचा आणि वाचायला सोपं जाण्याचाही संबंध आहे. रॉल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्ट्‌झ यांनी १९९९ मध्ये 'अमुक शहर तमुक देशात आहे' अशी साधी विधानं वेगवेगळ्या रंगांत दाखवली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसणारी विधानं, पुसट दिसणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त वेळा खरी ठरवली गेली. मजकूर तोच, फरक फक्त रंगाचा. मेंदूला जे सहज गिळता येतं ते त्याला ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं ते खरं वाटतं. ऑनलाइन खेळात सगळ्यांची अक्षरं एकसारखी दिसतात, म्हणून हा फायदा कोणाला मिळत नाही. तोटा मात्र शुद्धलेखनाचा होतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की वाचणारा अडखळतो, आणि कितीही चतुर थाप असली तरी ती तिथेच पडते. शाळेत दीर्घ वेलांटीसाठी खाल्लेल्या छड्यांचा असा उपयोग होईल असं कोणाला वाटलं होतं!

कोशाचा सूर किती भुरळ घालू शकतो, याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द एका कोशातच आहे. १९३१ च्या जुलैअखेर वेबस्टरच्या अमेरिकन कोशाचे रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी कार्यालयात एक चिठ्ठी पाठवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'डी ऑर डी', आणि पुढे 'घनता'. म्हणायचं इतकंच होतं की मोठा किंवा छोटा डी हे अक्षर घनतेचं संक्षिप्त रूप म्हणून वापरतात. चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. तिथे मुख्य शब्दाची अक्षरं सुटी सुटी टाइप करायची पद्धत होती, त्यामुळे 'डी ऑर डी' हा सलग 'डॉर्ड' झाला. त्याला उच्चार मिळाला, तो नाम ठरला, आणि १९३४ च्या आवृत्तीत भौतिक व रसायनशास्त्रातला शब्द म्हणून छापून आला: डॉर्ड, म्हणजे घनता. संपादक, मुद्रितशोधक, वाचक, सगळ्यांच्या नजरेखालून तो गेला. १९३९ च्या फेब्रुवारीत एका संपादकाला तो खटकला तेव्हा त्याचं कारण अर्थ नव्हतंच. शब्दाला व्युत्पत्ती दिलेली नव्हती, एवढंच. सुरातला तेवढा एक स्वर गायब होता.

२००१ च्या न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन कोशात याच्या उलट गंमत झाली. नक्कल करणारे पकडता यावेत म्हणून त्यात एक शब्द मुद्दाम बनवून घातला होता: 'एस्क्विव्हेलियन्स', अर्थ, आपल्यावरची जबाबदारी जाणूनबुजून टाळणे. रचणाऱ्यांनी त्याला व्युत्पत्तीही दिली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची, 'बहुधा' एका फ्रेंच क्रियापदावरून. त्यातला 'बहुधा' मला फार आवडतो. खोटं बोलणारा सहसा शंका व्यक्त करत नाही, असं आपण गृहीत धरतो. त्या गृहीतावरच रचणाऱ्यांनी नेम धरला आहे.

आता, खेळून झाल्यावर डोक्यात काय उरतं? रोझलिंड पॉट्स आणि डेव्हिड शँक्स यांचा २०१४ मधला अभ्यास जवळपास याच खेळावरचा म्हणता येईल. त्यांनी लोकांना अगदी अपरिचित इंग्रजी शब्द शिकवले, तीन पद्धतींनी. काही शब्दांचा अर्थ सरळ वाचायला दिला. काहींचा दिलेल्या पर्यायांतून निवडायला लावला. काहींचा स्वतःच्या मनाने अंदाज करून लिहायला सांगितला, आणि मग खरा अर्थ दाखवला. मनाने लिहिलेले अर्थ जवळजवळ सगळे चुकीचे होते, आणि ते असणारच. पण शेवटच्या चाचणीत याच शब्दांचे खरे अर्थ सर्वांत चांगले आठवले. वाचलेल्यांपेक्षा जास्त, आणि पर्यायांतून निवडताना चुकलेल्यांपेक्षाही जास्त. कारणांबद्दल अजून वाद आहेत. एक समजूत अशी की अर्थ स्वतः शोधताना मेंदू त्या शब्दाभोवती पुष्कळ जोडण्या करून ठेवतो. नंतर मिळालेल्या उत्तराला टेकायला जागा तयार असते.

नुसतं मत देणाऱ्यांना एक धोकाही आहे. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांना २००५ मध्ये असं आढळलं की बहुपर्यायी परीक्षा दिल्यानंतर काही विद्यार्थी चुकीचे पर्यायच पुढच्या चाचणीत उत्तर म्हणून लिहितात. कुठेतरी वाचलं होतं एवढंच लक्षात राहतं, ते खोटं होतं हे गळून पडतं. बरोबर उत्तर दाखवलं की हे बरंचसं टळतं, हे रोडिगर यांनीच अँड्र्यू बटलर यांच्यासोबत २००८ मध्ये दाखवलं. तेव्हा गुण मोजायच्या घाईत खरा अर्थ वाचायचा राहून गेला तर अर्धा खेळ वाया गेला.

पॉट्स आणि शँक्स यांनी शिकवता शिकवता आणखी एक गोष्ट विचारली होती: यातला कोणता शब्द तुमच्या लक्षात राहील असं वाटतं? ज्यांचा अर्थ स्वतः चुकीचा लिहिला होता ते शब्द राहणार नाहीत, असं लोकांनी सांगितलं. नेमके तेच राहिले होते.