कॉपीराइट : पुण्यातील छोट्या व्यावसायिकांसाठी

लेखन, चित्र, छायाचित्र, संगीत, चित्रपट, ध्वनिमुद्रण किंवा संगणक-प्रणाली यांच्या प्रती काढण्याचा, त्या विकण्याचा आणि मूळ कृतीवरून नवे काही बेतण्याचा कायदेशीर हक्क म्हणजे कॉपीराइट. मराठीत त्याला प्रताधिकार किंवा स्वामित्वहक्क म्हणतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या पुस्तकात ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले असते, तो हाच. त्याचा कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू. लेखक वा चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो.

कृती कागदावर उतरली की हक्क आपोआप लागू होतो. नोंदणी सक्तीची नाही. तरीही वाद उद्भवल्यास नोंदणीचा दाखला पुरावा म्हणून कामी येतो, म्हणून ती करून घेणे शहाणपणाचे.

खरी गोची मालकीची होते. सदाशिव पेठेत घरगुती फराळ विकणाऱ्या बाईंनी ओळखीच्या डिझायनरकडून पाकिटासाठी लोगो करून घेतला, पैसे चुकते केले, पावतीही घेतली. लोगो आपला झाला, असे त्यांना वाटणारच. पण कलम १७ नुसार त्याचा पहिला मालक डिझायनरच. तो त्यांचा पगारी नोकर असता, तर गोष्ट वेगळी. गंमत अशी की त्याच पाकिटासाठी पैसे देऊन काढून घेतलेल्या चकलीच्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, बाईंचा. लोगोसाठी मात्र सहीनिशी लेखी हस्तांतर हवे. तोंडी शब्द चालत नाही. त्यात मुदत लिहायची राहिली तर कायदा ती ५ वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. एका पानाच्या या कागदाचा आळस कुणीही करू नये.

दुकानाचे नाव, घोषवाक्य, धंद्याची कल्पना यांना कॉपीराइट मिळत नाही. नावासाठी ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, नोंदवावे लागते. बाकरवडीची कृती कुणाच्या मालकीची होत नाही, मात्र ती ज्या शब्दांत लिहिली ते शब्द होऊ शकतात. कापडावरील नक्षीसारखे डिझाइन डिझाइनच्या वेगळ्या कायद्याखाली नोंदणीयोग्य असूनही तिथे नोंदवले नाही आणि कारखानदारी पद्धतीने त्याचे ५० हून अधिक नग निघाले, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. बुटीकवाल्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

इंटरनेटवर सापडलेले चित्र फ्लेक्सवर छापणे हेही उल्लंघनच. सापडले म्हणजे फुकट झाले नाही. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी गाणी लावायलाही परवाना लागतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला साधारणतः ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे.

उलट, नक्कल आपल्याच मालाची झाली तर दिल्ली-मुंबई गाठावी लागतेच असे नाही. कलम ६२ नुसार हक्कदार जिथे राहतो किंवा धंदा करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. पुणेकराला ते शिवाजीनगरला.