ल शांबों: आसरा देणाऱ्या गावाची पार्श्वभूमी

मध्य फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात, लिन्यों नदीकाठी, सुमारे 960 मीटर उंचीवर ल शांबों-स्युर-लिन्यों हे छोटं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात या गावाने आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांनी ज्यू निर्वासितांना लपवलं. त्यांत मुलं पुष्कळ. श्रेय बहुधा पाद्री आंद्रे त्रोक्मे यांना मिळतं. ते रास्तच, पण त्रोक्मे इथे आले 1934 मध्ये. गावाची घडण त्याआधीची.

कॅथलिक फ्रान्समधलं हे पठार प्रोटेस्टंटांचं. 1598 च्या नांतच्या फर्मानाने त्यांना मिळालेली मोकळीक चौदाव्या लुईने 1685 मध्ये काढून घेतली. पुढची शंभर वर्षं प्रार्थना रानावनात, चोरून. सापडलेल्या पुरुषांना गॅली जहाजांवर वल्ही मारायला धाडत, बायकांना तुरुंगात. शेजारच्या विवारे भागातली मारी द्युरां 38 वर्षं एका बुरुजात कोंडलेली होती. 1787 मध्ये सहिष्णुतेचं फर्मान निघालं, तरी सरकारी माणूस दारात आला की तोंड मिटायचं, हे घराघरांत मुरलं होतं.

गावाच्या या घडणीमागचं दुसरं कारण पोटापाण्याचं, आणि त्याची दखल कमी घेतली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सेंत-एत्येन या कोळशाच्या शहरातली अशक्त मुलं हवापालटासाठी इथल्या शेतकऱ्यांकडे येऊन राहत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद रुळांची आगगाडी आली, मग उन्हाळी पाहुणे आणि त्यांच्यासाठी खाणावळीसह राहायची घरं. 1938 मध्ये त्रोक्मे आणि त्यांचे सहकारी पाद्री एदुआर तेस यांनी शाळा काढली. परक्यांची पोरं गावात वावरताना दिसली तर कोणाच्या भुवया उंचावणार?

1940 च्या जूनमध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. युद्धविराम करारावर सह्या झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्रोक्मे आणि तेस यांनी आत्मिक शस्त्रांनी, म्हणजे हिंसेविना, प्रतिकार करण्याचं आवाहन केलं. क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या आणि स्विस मदतसंस्थांनी दक्षिण फ्रान्समधल्या ग्युर्स, रिव्हसाल्त इथल्या कैदछावण्यांतून मुलं सोडवून आणली. खोटी ओळखपत्रं आणि रेशनकार्डं गावातच तयार होऊ लागली. सगळेच वाचले नाहीत: 29 जून 1943 रोजी जर्मन पोलिसांनी एका वसतिगृहातले विद्यार्थी धरून नेले, त्यांच्याबरोबर गेलेला वसतिगृहप्रमुख दानिएल त्रोक्मे, आंद्रे यांचा नातलग, पुढच्या वर्षी पोलंडमधल्या मायदानेक या नाझी छावणीत मेला.

वाचलेल्यांचा 5,000 हा प्रचलित आकडा अनेक इतिहासकारांना फुगवलेला वाटतो. 1990 मध्ये ज्यू नरसंहाराच्या स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गौरव केला तो मात्र एकट्या पाद्र्याचा नव्हे, शांबों आणि शेजारच्या गावांतल्या रहिवाशांचा मिळून.