सीडीविना सीडी

मावशीचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "अरे, दादाने अमेरिकेहून ताईच्या लग्नाची सीडी त्या इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर टाकलीय. मी उतरवूनही घेतली. आता कोऱ्या सीडीवर ती कुठे भरून मिळेल? आणि भरली तरी या नव्या लॅपटॉपला सीडी सरकवायची कुठे?"

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. फोल्डरमध्ये पाच फायली होत्या. लग्नाच्या दोन व्हीसीडींच्या, म्हणजे व्हिडिओ सीडींच्या, दोन 'बिन' आणि दोन 'क्यू', आणि ताईच्या मुलाच्या बारशाच्या डीव्हीडीची एक 'आयएसओ'. लग्न २००५ सालचं. ज्या स्टुडिओने शूटिंग केलं तो कधीच बंद पडला. दादाने परदेशी जाताना त्या तबकड्या सोबत नेल्या आणि त्या पुरत्या खराब व्हायच्या आत त्यांची 'इमेज', म्हणजे फाइलच्या रूपातली हुबेहूब नक्कल, काढून ठेवली, हे त्याने शहाणपणाचं केलं.

मावशीला वाटत होतं की ही फाइल म्हणजे नुसता कच्चा माल आहे. तबकडीवर चढल्याशिवाय तिचं काही होत नाही. हा समज अगदी सार्वत्रिक आहे, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. आपल्याला सीडी म्हटलं की चकचकीत, इंद्रधनुष्यी तबकडी दिसते. कॉम्प्युटरला ती कधीच दिसलेली नाही. त्याच्या लेखी सीडी म्हणजे एक लांबच लांब चाळ. खोल्यांना शून्यापासून ओळीने नंबर दिलेले, आणि डेटा सीडी असेल तर प्रत्येक खोलीत बरोबर २,०४८ बाइट सामान. विंडोज ड्राइव्हला कधी "मंगलाष्टकं दाखव" असं सांगत नाही. ते म्हणतं, "५,००० नंबरच्या खोलीतलं सामान दे." मग मोटर फिरते, लेसर सरकतो, आणि थोड्या वेळाने २,०४८ बाइट हातात पडतात.

आता समजा, या सगळ्या खोल्यांमधलं सामान शून्यापासून शेवटपर्यंत एकापुढे एक मांडून एकाच फाइलमध्ये ठेवलं. झाली आयएसओ फाइल तयार. ५,००० नंबरची खोली हवी? ५,००० गुणिले २,०४८, म्हणजे १,०२,४०,००० बाइट सोडून पुढे जा आणि तिथून २,०४८ बाइट उचल. आभासी ड्राइव्ह नावाचा जो प्रकार आहे तो मुळात एवढा एक गुणाकार करतो. वर विंडोजला सांगतो की मी सीडी ड्राइव्ह आहे. विंडोजला खरंखोटं तपासायची गरजच नसते. नंबर सांगितल्यावर त्या खोलीतलं सामान मिळालं की त्याचं काम भागतं.

म्हणजे फाइल उतरवायची, ती कोऱ्या सीडीवर भरायची, आणि मग तीच सीडी ड्राइव्हमध्ये घालून बघायची, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम झाला. सीडी 'राईट' करताना लेसर तबकडीतल्या रंगद्रव्याचा थर जागोजागी तापवून त्याचं रूप बदलतो. वाचताना सौम्य केलेला लेसर ते बदललेले ठिपके टिपतो आणि त्यातून पुन्हा तेच बाइट काढतो. हार्ड डिस्कवर जे आधीच होतं ते तबकडीची वारी करून परत आलं. शिवाय तबकडीवर लेसरला जागा बदलायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा जास्तच वेळ लागतो, तो खर्च वेगळा.

पूर्वी आभासी ड्राइव्हसाठी 'डेमन टूल्स'सारखा वेगळा प्रोग्रॅम टाकावा लागायचा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ही सोय आतच आहे. आयएसओ फाइलवर उजवं क्लिक करून 'माउंट' म्हटलं की 'धिस पीसी'मध्ये, म्हणजे जुन्या 'माय कॉम्प्युटर'मध्ये, एक नवा ड्राइव्ह उगवतो. काम झालं की 'इजेक्ट' करायचं. लिनक्सवर तर हे फार आधीपासून होतं.

बारशाची आयएसओ मी माउंट केली. मावशी म्हणाली, "अगंबाई! सीडी न घालताच सीडी आली की!"

या आयएसओ नावामागे एक गोष्ट आहे. सीडी-रॉम नवी होती तेव्हा खोल्या कशा भरायच्या हे ठरलेलं होतं, पण कुठल्या खोलीत काय ठेवलंय याची यादी कशी लिहायची हे जो तो आपापल्या मनाने ठरवत होता. एकाची सीडी दुसऱ्याच्या यंत्राला कळेना. १९८५ साली अमेरिकेत टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नावाच्या हॉटेलात वेगवेगळ्या कंपन्यांचे लोक जमले आणि त्यांनी एक सामाईक पद्धत आखायला घेतली. तिचंच पुढे १९८८ साली 'आयएसओ ९६६०' हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. फाइलच्या शेपटीला लागलेलं आयएसओ ते हेच.

पहिल्या सोळा खोल्या त्यांनी राखून ठेवल्या. सतराव्या खोलीपासून, म्हणजे ३२,७६८ बाइट सोडून, चाळीची पाटी सुरू होते. तिच्यावर 'सीडी००१' ही अक्षरं असतात. फाइल खऱ्या आयएसओची आहे की नाही हे कॉम्प्युटर आधी इथे डोकावून पाहतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती त्यांच्या आकडे लिहिण्याच्या तडजोडीची. इंटेलच्या चिपांना मोठ्या संख्येतला धाकटा बाइट आधी लागायचा, मोटोरोलाच्या चिपांना थोरला आधी. आपण मराठीत 'पंचेचाळीस' म्हणतो, पाच आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी आणि पाच नंतर. भांडण अगदी तसंच. हाय सिएरावाल्यांनी तोडगा काढला: महत्त्वाच्या संख्या दोन्ही पद्धतींनी शेजारीशेजारी लिहायच्या, ज्याला जी वाचता येईल ती त्याने वाचावी. आजही जवळजवळ प्रत्येक आयएसओ फाइलमध्ये खोल्यांची एकूण संख्या अशी दोनदा लिहिलेली असते.

बारसं मिटलं, आता लग्न. बिन फाइलवर उजवं क्लिक केलं तर 'माउंट' नावाचा पर्यायच नाही. मावशीच्या शेजारच्या मुलाने आदल्या दिवशी युक्ती केली होती, फाइलचं नाव बदलून बिनची आयएसओ केली होती. विंडोजने ती उघडायला साफ नकार दिला. त्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण बाहेरून दोन्ही फायली सारख्याच दिसतात. पण मी फाइलचा आकार पाहिला आणि थबकलो. ७९० एमबी. सीडीवर तर ७०० एमबी मावतं असं तिच्यावरच छापलेलं असतं!

खरं म्हणजे सीडीवरची प्रत्येक खोली २,०४८ बाइटांची नसते, २,३५२ बाइटांची असते. डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइट आपल्या कामाचे. उरलेल्यांतले काही खोलीची सुरुवात आणि तिचा नंबर ओळखायला, आणि तब्बल २७६ बाइट चुका दुरुस्त करायला. ओरखडा पडून काही बाइट वाचता आले नाहीत, तर या २७६ बाइटांवरून गणिताने ते परत काढता येतात. पगारपत्रकाच्या फाइलमध्ये एक शून्य इकडचं तिकडे झालेलं चालणार नाही, म्हणून हा बंदोबस्त.

व्हीसीडीचं मानक १९९३ साली आलं. तिच्या निर्मात्यांनी विचार केला की चित्रात क्षणभर एखादा चौकोन बिघडला तर बघणाऱ्याचं काय बिघडलं? दुरुस्तीची एक पातळी सगळ्याच सीडींना असते. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० साली मांडलेल्या गणितावर ती चालते, आणि ती व्हीसीडीवाल्यांनी ठेवली. वरचे २७६ बाइट मात्र चित्राच्या खोल्यांमधून काढून टाकले आणि तिथेही चित्रच भरलं. २,०४८ मध्ये २७६ मिळवा: २,३२४. ऐंशी मिनिटांच्या तबकडीवर सेकंदाला ७५ या हिशेबाने ३,६०,००० खोल्या असतात. डेटा भरला तर ७३,७२,८०,००० बाइट मावतात, व्हीसीडी केली तर ८३,६६,४०,०००. त्याच तबकडीत जवळजवळ दहा कोटी बाइट जास्त!

दादाने बिन फाइल काढली तेव्हा प्रत्येक खोलीतलं सगळंच, म्हणजे २,३५२ बाइट, जसंच्या तसं उचललं. ७९० एमबीला २,३५२ ने भागलं, आलेल्या उत्तराला ७५ ने भागलं, तर साधारण ७८ मिनिटं निघतात. तबकडीच्या कव्हरवर स्टुडिओवाल्याने बॉलपेनने 'भाग १' लिहून खाली तेवढीच वेळ लिहिली होती असं मावशीला आठवतं. मी तिच्यावर विश्वास ठेवतो. मराठी नाटकांच्या व्हीसीडी दोन-दोन, तीन-तीनच्या संचात का यायच्या तेही यातच आलं. व्हीसीडी गाण्याच्या सीडीच्याच वेगाने फिरते, त्यामुळे तिचा पल्लाही तेवढाच, ७४ ते ८० मिनिटं.

आणि नाव बदलून का भागलं नाही तेही आलं. विंडोज २,०४८ च्या मापाने चालत जाऊन ३२,७६८ बाइटांनंतर पाटी शोधत होतं. या चाळीच्या खोल्या रुंद. पाटी जवळजवळ पाच हजार बाइट पुढे लावलेली.

क्यू फाइल म्हणजे चार-दोन ओळींचा साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडतो. कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो आणि खोलीचं माप किती, एवढंच त्यात असतं. हा मजकूर समजणारा आभासी ड्राइव्हचा प्रोग्रॅम टाकला की बिन-क्यूची जोडीही माउंट होते. पण मला तेवढंही करायचं नव्हतं. मी बिन फाइल उचलली आणि व्हीएलसीच्या खिडकीत सोडली.

व्हीएलसी हा तो नारिंगी शंकूवाला प्लेयर. १९९६ साली पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याची सुरुवात झाली. शंकूही तिथल्याच पोरांनी जमवलेल्या रस्त्यावरच्या शंकूंवरून आला. व्हीसीडीतलं चित्र 'एमपेग' पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आणि त्याच्या प्रवाहात प्रत्येक गठ्ठ्याच्या आधी ठरलेली खूण असते: ००, ००, ०१, बीए. व्हीसीडीत एका खोलीत असा एकच गठ्ठा बसवलेला असतो. त्यामुळे प्लेयरला चाळीच्या रचनेशी फारसं देणंघेणं ठेवावं लागत नाही. खूण दिसेपर्यंत मधला कचरा ओलांडायचा, गठ्ठा उलगडायचा, पुढची खूण शोधायची. बहुतेक व्हीसीडींच्या बिन फायली अशाच चालून जातात. नाहीच चालली तर क्यू.

डीव्हीडीचं थोडं वेगळं. आयएसओ माउंट केल्यावर आत 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर दिसतो, त्यात एकेक जीबीपर्यंतचे 'व्हीओबी' तुकडे. त्यातला एखादा तुकडा चालवला तर चित्र दिसेल, पण मेन्यू नाही आणि पुढचा तुकडा आपोआप येणार नाही, कारण क्रम 'आयएफओ' फायलींत लिहिलेला असतो. म्हणून तुकड्यांच्या वाटेला न जाता अख्खी आयएसओच व्हीएलसीमध्ये उघडावी. माउंटही करावं लागत नाही. विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवायची सोय विंडोजने सोबत देणं बंद केलं, त्यामुळे नुसतं माउंट करून अडलेले पुष्कळ जण भेटतात. दुसरी अडचण पेन ड्राइव्हची. तो 'फॅट३२' पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, मग भले त्यात तीस जीबी जागा मोकळी असो. 'एक्सफॅट'ने फॉरमॅट करा, पण आधी आतलं सामान बाहेर काढून.

बाजारात विकत घेतलेल्या डीव्हीडींवर बहुधा कुलूप असतं आणि कायदाही असतो. घरच्या बारशाला दोन्ही नाहीत. आणि सिनेमा म्हणून उतरवलेल्या आयएसओमध्ये 'ईएक्सई' फाइल दिसली तर तिच्यावर क्लिक करू नका. सिनेमाला ईएक्सई लागत नाही.

लग्न सुरू झालं. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, मावशीच्या पडद्यावरच्या ठिपक्यांच्या विसाव्या हिश्श्याएवढं, त्यामुळे सगळी वऱ्हाडी मंडळी धुक्यातून आल्यासारखी दिसत होती. मुंडावळ्या कुठे संपतात आणि फेटा कुठे सुरू होतो कळत नव्हतं. तिसऱ्या मंगलाष्टकाला पडद्यावर हिरवे चौकोन उमटले आणि मामांचा चेहरा दोन सेकंद त्यांत नाहीसा झाला.

"हे इथे तेव्हापासूनच आहे," मावशी म्हणाली. "तुझ्या काकांनी सीडी फ्रिजवर ठेवली होती, उघडी. इथेच अडकायची."

दादाने इमेज काढली तेव्हा ओरखड्याखालच्या खोल्या जशा वाचता आल्या तशाच फाइलमध्ये उतरल्या होत्या, दुरुस्तीचे ते २७६ बाइट तिथे नव्हतेच. तबकडी न्यूजर्सीच्या कुठल्याशा कपाटात आहे, पण तिच्यावरचा ओरखडा साताऱ्याला पोचला होता. मावशीने मागे नेऊन तो पुन्हा एकदा पाहिला.