सोल्युशन वाळू द्या, मगच पॅच लावा

फोंडा, डिचोली, पेडणे, कुठेही सायकलचं पंक्चर काढताना एक सल्ला हमखास मिळतो: "सोल्युशन ओलं आहे तोवर पॅच दाब, वाळलं की धरत नाही." हा समज चुकीचा आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलेल्या चाकाचं कारण बरेचदा तोच असतो.

सोल्युशन कागदाच्या डिंकासारखं काम करत नाही. त्यात पातळ द्रावकात विरघळवलेलं रबर असतं. द्रावक उडून गेला की मागे रबराचा चिकट थर उरतो आणि खरी पकड त्याचीच असते. ओल्यावरच पॅच ठेवला तर द्रावक आत कोंडतो, बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि हवा भरल्यावर पॅचची कड सुटते. म्हणून पातळ थर द्या, साधारण 5 मिनिटं थांबा. चकाकी गेली, बोटाला ओलं लागेनासं झालं, की पॅच ठेवून मधून कडेकडे जोरात दाबा. जुन्या ट्यूबचा तुकडा वापरत असाल तर तोही घासून त्यालाही सोल्युशन लावा आणि तेवढंच वाळू द्या.

आपल्याकडच्या पावसात आणखी एक काळजी हवी. बादलीत बुडबुडे पाहून भोक सापडलं की ट्यूब आधी पूर्ण कोरडी करा, मग पॉलिश पेपरने घासा. ओल्या रबरावर काहीच टिकत नाही. आणि ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं जपून फिरवा. काटा बहुतेक वेळा तिथेच रुतलेला असतो.