घोडं वाळू कुठं खातं?

गोव्यात घोडे मुळात थोडेच. शिगम्यात सत्तरी-डिचोलीकडच्या घोडेमोडणीत नाचणारे लाकडी घोडे मोजले, तर कदाचित खऱ्यांपेक्षा तेच जास्त भरतील. एके काळी मात्र इथलं बंदर घोड्यांच्या व्यापारावर पोसलं होतं. अरबस्तान आणि होर्मुझहून जहाजांनी आलेले घोडे इथं उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर या व्यापाराची जकात त्यांच्या तिजोरीत पडू लागली. आता उरलेत ते वरातीतले, शौकाने पाळलेले, पर्यटकांना रपेट घडवणारे. त्यांतले काही किनारपट्टीच्या वाळूवर, माडांच्या भाटात बांधलेले असतात, आणि त्यांच्या पोटशूळाचं एक कारण तिथंच पायाखाली असतं.

वाळूचा पोटशूळ म्हटलं की लोकांना वाटतं, किनाऱ्यावर दौडवल्यामुळे होत असेल. तसं नाही. पळणारा घोडा वाळू खात नाही, तो खातो ती दावणीवर. वैरणीची पेंढी सोडून जमिनीवर पसरली की शेवटच्या काड्या वेचताना ओठ वाळूत फिरतात. घोड्याचा वरचा ओठ भलता चपळ असतो, पण सांडलेला भरडा वाळूतून निवडून घेण्याइतका नाही. पावसाळ्यात चरायला मुबलक असतं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत गवत सुकून बुडख्याशी येतं, मग तो ते मुळासकट उपटतो आणि मुळाला चिकटलेली वाळूही पोटात जाते. शिवाय उपाशी, कंटाळलेला किंवा मिठाला वखवखलेला घोडा जमीन चाटतोच.

आत गेलेली वाळू बाहेर का पडत नाही, याचं उत्तर घोड्याच्या आतड्याच्या बांधणीत आहे. घोडा चाऱ्यातला तंतू पचवतो तो जठरात नव्हे, तर मागच्या भागात. जठर शरीराच्या मानाने लहान. त्याउलट मोठं आतडं अवाढव्य, आणि दुहेरी घडी पडून पोटाच्या तळाशी पसरलेलं. तिथं अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यासाठी तो बराच वेळ मुरावा लागतो. वेग मंद, जागा ऐसपैस आणि सखल, म्हणजे जड कण खाली बसणार हे ओघानेच आलं. त्यातून कटीजवळच्या वळणावर हे आतडं अरुंद होतं आणि पुढे जाऊन एकदम पुन्हा आवळतं. रोज थोडी वाळू लिदीवाटे जातेही. पण येणारी जास्त आणि जाणारी कमी झाली की थर साचू लागतो. थर पातळ असेल तर आतड्याचं अस्तर खरवडलं जाऊन लीद पातळ होते, घोडा रोडावतो. तो वाढला तर वाट तुंबते, आणि वजनाने आतडं सरकून पिळा पडला तर जिवावर बेततं. उलटी करणं घोड्याला शक्यच नसतं, त्यामुळे आत तुंबलेल्याला मागे फिरायची सोय नाही.

वाळू जातेय का, हे पाहण्याची साधी चाचणी दावणीवरच करता येते. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे घ्यायचे, जमिनीला टेकलेले सोडून वरवरचे, नाहीतर खालचीच वाळू मोजली जाईल. पारदर्शक पिशवीत किंवा बरणीत भरपूर पाण्यात ते कुस्करून ढवळायचे आणि स्वस्थ ठेवायचे. आधी गवताच्या काड्या वर तरंगतात, पाणी तपकिरी गढूळ असतं, काही दिसत नाही. अर्ध्या तासात तळाच्या कोपऱ्यात एक फिकट रेघ धरते. वरचं पाणी ओतून ती रेघ चिमटीत चोळली की बोटांना करकर लागते. ही खूण पक्की. पण उलटं खरं नाही. तळाशी काहीच न बसणं म्हणजे पोट स्वच्छ असं नव्हे, कारण वाळू आत घट्ट बसली असेल तर लिदीत उतरेलच कशाला? डॉक्टर स्टेथोस्कोप छातीच्या हाडामागे, पोटाच्या अगदी सखल भागाला लावतात. वाळू असेल तर किनाऱ्यावरून लाट मागे सरताना होते तशी सळसळ ऐकू येऊ शकते. खात्री मात्र एक्स-रेवरच.

आता इसबगोल. घोड्यांसाठी ‘सिलियम’ नावाने मिळणारी महागडी पावडर म्हणजे आपल्याकडे बद्धकोष्ठावर रात्री घेतात तोच भुसा. त्याचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक भारतच आणि मोठी बाजारपेठ गुजरातमधल्या उंझ्याला. पाणी लागलं की भुसा फुगून बुळबुळीत होतो. तो वाळूचे कण धरून पुढे ढकलेल, अशी अपेक्षा. ऐकायला बिनतोड वाटतं. प्रयोगांनी मात्र चित्र गुंतागुंतीचं केलंय. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तट्टांच्या आतड्यात मुद्दाम वाळू घालून इसबगोल दिला, तर न दिलेल्यांच्या तुलनेत काही फरक पडला नाही. 2008 च्या एका अभ्यासात नुसत्या खनिज तेलापेक्षा (म्हणजे पोट साफ करायला देतात ते लिक्विड पॅराफिन) तेल आणि इसबगोल मिळून जास्त वाळू बाहेर आली. 2014 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी नैसर्गिकरीत्या वाळू साठलेल्या घोड्यांना चार दिवस नळीवाटे औषध दिलं. इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट हा रेचक क्षार एकत्र दिलेल्या 12 पैकी 9 घोड्यांची वाळू निघाली, नुसता इसबगोल दिलेल्या 12 पैकी 3 घोड्यांचीच. म्हणजे एकटा इसबगोल रामबाण नाही.

प्रतिबंध म्हणून तो द्यायची रूढ पद्धत अशी: वजनाच्या दर किलोला सुमारे 1 ग्रॅम, सलग आठवडाभर, मग महिन्याचे उरलेले दिवस बंद. कारण रोज मिळाला तर आतड्यातले सूक्ष्मजीव त्याला सरावतात आणि बुळबुळीतपणा शिल्लक राहण्याआधीच तो आंबवून टाकतात. 300 किलोच्या तट्टाला हे रोजचे 300 ग्रॅम, म्हणजे घरातले 100 ग्रॅमचे तीन डबे. चमचाभर भुसा चाऱ्यावर शिंपडून मनाचं समाधान तेवढं होतं. भरड्यात थोडं तेल घालून कालवला तर खातात. पाण्यात भिजवून ठेवला की गिळगिळीत होतो आणि घोडा तोंड फिरवतो. कोरडा बकाबक खाल्ला तर घशात फुगून अडकण्याची भीती, म्हणून पाणी समोर हवंच.

माझं मत विचाराल तर डबा नंतर, वैरण आधी. मोठं आतडं हलतं ठेवतो तो लांब तंतूचा चारा, आणि हलत्या आतड्यात वाळूला बसायला फावत नाही. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण, म्हणजे त्याच तट्टाला साडेचार ते सहा किलो, दिवसभरात विभागून. आपल्याकडे उन्हाळ्यात घोडं पेंड खातं ते इथंच. चांगलं गवत महागतं, घाटावरचा कडबा गाडीभाड्यासकट परवडत नाही, मग मालक मूठभर पेंढा टाकून भूक चणे आणि कोंड्यावर भागवतो. कोंड्याने वाळू धुऊन निघते ही समजूत जुनी आहे, पण तिला आधार नाही. आणि भरड्यासाठी आपल्या आज्यापणज्यांचा तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, अजूनही उत्तम, एक दाणा खाली सांडत नाही. वैरणीला गव्हाण किंवा जुना रबरी गालिचा, तोही रोज झाडलेला. मिठाचा खडा टांगलेला असावा.

एवढं करूनही घोडा पुढच्या खुराने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे पाहू लागला, लोळला, लीद बंद झाली, तर दाणावैरण काढून घ्यावी आणि डॉक्टरांना बोलवावं. तेव्हा इसबगोल चारण्याची वेळ निघून गेलेली असते. तुंबलेल्या आतड्यात तो आणखी फुगायलाच जाईल. मान वर करून बाटलीने तेल ओतण्याचा प्रकार तर कुणीच करू नये. ते श्वासनळीतून फुफ्फुसात उतरलं, तर पोट सुटण्याआधी न्यूमोनिया होतो. तेल द्यायचंच झालं तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात, आणि ती जठरातच आहे ना, हे आधी तपासून घेतात.