आधी पाणी, मग मिसळ
कायाकिंगला, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या बोटीतून फिरायला, येणाऱ्या मंडळींसाठी

नाशिकच्या आसपासच्या धरणांवर आम्ही कायाकिंगला नेतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गंगापूर बरं, वैतरणा बरं, की सरळ भंडारदऱ्यालाच जावं?" त्याचं उत्तर पुढे दिलं आहे. पण जागा कुठलीही घ्या, सहलीचा विचका बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होतो. मंडळी उशिरा येतात.

आमची बॅच सकाळी साडेसहाला पाण्यात उतरते. "मिसळ खाऊन निघतो, नऊपर्यंत पोहोचू," असं सांगणारे पाहुणे दर रविवारी असतात. नाशिकला येऊन मिसळ खाऊ नका असं आम्ही कधीच म्हणणार नाही. फक्त ती परतताना खा. भूकही चांगली लागलेली असते.

कारण आहे वारा. पहाटे धरणाचं पाणी काचेसारखं स्थिर असतं. ऊन चढलं की पठार तापतं आणि घाटाकडून पश्चिमेचा वारा सुटतो. मार्चनंतर तर तो दहाच्या सुमारासच जाणवायला लागतो आणि दुपारी लाटांवर पांढरा फेस दिसतो. डोंगरांच्या खिंडीतून येणारा हा वारा अरुंद पाण्यावर आणखी जोर धरतो. कायाक हलकी, पाण्याच्या वर तरंगणारी. तिचं नाक सारखं वाऱ्याकडे वळतं, ते सरळ ठेवायला माणूस एकाच बाजूने वल्हवत राहतो, खांदे भरून येतात आणि समोर दिसणारा काठ काही जवळ येत नाही. मग आमचा माणूस दोरी बांधून बोट ओढून आणतो आणि तेवढा वेळ बाकीची बॅच खोळंबते.

त्यातही नवखे एक गोष्ट हमखास करतात: वारा पाठीवर घेऊन निघतात. जाताना बोट आपोआप पळते, मजा वाटते, आणि किती लांब आलो ते परत वळल्यावर कळतं. म्हणून आम्ही निघताना पश्चिमेकडे तोंड करूनच निघतो. हातात जोर असतो तेव्हा अवघड बाजू उरकायची, आणि वारा सुटेल तेव्हा तो पाठीवर घेऊन घरी यायचं.

साडेसातनंतर आलेल्यांना आम्ही पाण्यात उतरवत नाही, दुसरी तारीख देतो. काहींना हा ताठरपणा वाटतो. पण पैसे घेऊन तुम्हाला भर उन्हात, वाऱ्याशी झगडायला सोडणं आम्हाला पटत नाही.

आता जागा. पहिल्यांदाच वल्हं हातात घेणार असाल तर गंगापूर. शहराला लागून आहे, फुगवट्याचं पाणी शांत आहे आणि काठ कायम नजरेत राहतो. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण नाशिकची तहान भागवतं. तेव्हा पाण्यात साबण, शाम्पू, गुटख्याची पुडी काहीही नको. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका. लाइफ जॅकेट नीट बसलं असेल तर चालतं. नीट म्हणजे खांद्याला धरून वर ओढलं तरी हनुवटीपर्यंत सरकत नाही असं. सगळे पट्टे आम्ही स्वतः तपासतो, त्याचा राग मानू नका. दोघांच्या बोटीत वजनदार माणूस मागे बसेल. नवराबायकोंच्या वादात आम्ही पडत नाही, पण एवढं मात्र ऐकावं लागेल.

दोनतीन वेळा गंगापूर झालं की वैतरणा. घोटीजवळच्या या जलाशयाला इतके फाटे आहेत की दर वळणावर नवा डोंगर समोर येतो. पण तेवढ्याच सहज वाटही चुकते, त्यामुळे इथे कुणीही गाइडच्या पुढे जात नाही. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली मासेमारांचं जाळं असतं. त्यावरून बोट घालू नका, वळसा घ्या. ते कुणाचं तरी पोट आहे.

भंडारदरा सवय झालेल्यांसाठी. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागे प्रवरेचं पाणी दोन डोंगररांगांमध्ये लांबवर पसरलं आहे. शेंडीहून रतनवाडीकडे निघालं की रतनगड हळूहळू मोठा होत जातो आणि पलीकडे उतरल्यावर अमृतेश्वराचं देऊळ. आमची सगळ्यात आवडती सहल हीच. जाताना तोंड वाऱ्याकडे, येताना पाठ, त्यामुळे पहाटे निघालात तर हिशेब अगदी जुळतो. यासाठी आदल्या रात्री शेंडीला मुक्काम करावा लागतो, तो आमच्या पॅकेजमध्ये धरलेला आहे.

खळाळतं पाणी हवं असेल तर ते नाशिकला नाही. त्यासाठी कोलाडची कुंडलिका नदी. भिरा जलविद्युत प्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर ती वाहते. तिथे मात्र पोहता आलंच पाहिजे, आणि उलटलेल्या बोटीतून बाहेर पडायला आधी गंगापूरच्या शांत पाण्यात शिकावं लागतं. त्याचा वेगळा वर्ग आम्ही घेतो.

"नांदूरमध्यमेश्वरला का नेत नाही?" असंही विचारतात. ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० पासून महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे दुर्बीण घेऊन काठावर थांबावं, वल्हं घेऊन जाऊ नये.

जून ते सप्टेंबर आम्ही बंद असतो. धरणांचे दरवाजे उघडतात, गढूळ पाण्यातून ओंडके वाहत येतात. "भर पावसात काय मस्त दिसेल" असं कितीही आग्रहाने सांगितलंत तरी त्या दिवसांत बोट काढणार नाही.

येताना जीन्स नको, ती भिजली की जड होते आणि वाळत नाही. चष्म्याला दोरी लावा. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलेलं असतं, काठावर काळा गाळ असतो आणि त्यात साधी चप्पल रुतून बसते. मागून पट्टा असलेले सँडल आणा, नसतील तर आदल्या दिवशी कळवा, आमच्याकडे जोड ठेवलेले असतात. शनिवार-रविवारच्या बॅचा लवकर भरतात. मंगळवार ते गुरुवार आलात तर दर कमी पडेल आणि गाइड जवळजवळ तुमच्या एकट्याचाच असेल.